मोठं संग्रहालय बघायचं असेल, तर आधी अजब बंगल्यात जा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून मुंबईला जाणार. सोबत तिसरीतला मुलगा, नववीतली मुलगी आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी एक अख्खा दिवस राखून ठेवलाय. पण मागे हैदराबादला सालारजंग संग्रहालय बघितलं, सगळी दालनं पालथी घातली, आणि घरी आल्यावर ते वाजणारं घड्याळ आणि चेहऱ्यावर संगमरवरी पदर असलेली रेबेका सोडून कुणालाच काही आठवेना. पुन्हा तसं होऊ नये म्हणून काय करावं? गाइड घ्यावा का? आणि कलेतलं काही कळत नसताना जाण्यात अर्थ आहे का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. मी नागपुरात चित्रकला शिकवतो. शाळेतल्या मुलांना आणि कधी त्यांच्या पालकांना संग्रहालयात घेऊन जाणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. ‘आम्हाला त्यातलं कळत नाही’ म्हणणारी माणसं दारातूनच अंग चोरून आत शिरतात. त्याची काही गरज नाही. आत मांडलेल्या बहुतेक वस्तू जाणकारांनी बघाव्यात म्हणून केलेल्याच नव्हत्या. मूर्ती पूजेसाठी होती, ढाल हातात धरण्यासाठी होती, चित्र मांडीवर घेऊन बघण्यासाठी होतं, ताम्रपट जमिनीचा हक्क सांगण्यासाठी होता. त्यामुळे कुठल्याही वस्तूपुढे उभं राहून एवढंच विचारा: ही इथे येण्याआधी कुठे होती, आणि तिथे माणसं तिच्याशी कशी वागत होती? याचं उत्तर शोधायला पदवी लागत नाही, वेळ लागतो. तो वेळ सगळ्या वस्तूंना देता येत नाही. म्हणून एका दिवसात आठ-दहाच वस्तू निवडा आणि बाकीचं सगळं खुशाल चालता चालता बघा.

सालारजंगला तुमचं काही चुकलं नव्हतं. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ सालीच या थकव्यावर लेख लिहिला होता. एका माणसाला कपाटांसमोर उभं करून त्यांनी त्याचे फोटो काढले. खालच्या फळीवरची वस्तू बघायला तो किती वाकतो, वरची बघायला मान किती मोडतो, वस्तूजवळची माहितीची चिठ्ठी वाचायला कसा तिरपा होतो, हे त्या फोटोंत दिसतं. संग्रहालयात आपण एका जागी नीट उभेही नसतो आणि सरळ चालतही नसतो. पाठ आणि पोटऱ्या बोलू लागल्या की डोळे नुसते वस्तूंवरून घसरत जातात. माझा अनुभव असा, की मुलं साधारण पाऊण तासानंतर बघत नाहीत, फक्त पुढे सरकतात. मोठ्यांचंही तेच होतं, ते फक्त बोलून दाखवत नाहीत. पाऊण तास आत, मग वीस मिनिटं बाहेर बसणं, पाणी, थोडा खाऊ, आणि पुन्हा पाऊण तास आत. दिवसभरात अशा तीन फेऱ्या झाल्या तरी भरपूर.

आता माझा खरा सल्ला. मुंबईला जाण्याआधी एक रविवार आपल्या सिव्हिल लाइन्समधल्या मध्यवर्ती संग्रहालयाला, म्हणजेच अजब बंगल्याला द्या. हे संग्रहालय १८६३ सालचं आहे, म्हणजे मुंबईत तुम्ही बघणार आहात त्याच्यापेक्षा बरंच जुनं. नागपूरकर लहानपणी एकदा शाळेच्या सहलीत अजब बंगल्यात जातात, पेंढा भरलेला वाघ बघतात आणि पुन्हा फिरकत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण आपल्याला इथे जी सोय आहे ती मुंबईकरांनाही सहज मिळत नाही. इथल्या कितीतरी वस्तू जिथून आल्या ती गावं आपल्या एका दिवसाच्या अंतरात आहेत. वैनगंगेकाठी पवनीला १९६९-७० मध्ये उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूपाचे अवशेष मिळाले. मनसरच्या टेकड्यांवर विदर्भात राज्य केलेल्या वाकाटक घराण्याच्या काळातलं विटांचं बांधकाम आजही उभं आहे. रामटेकच्या गडावरची नरसिंहाची देवळं त्याच काळातली. सकाळी तर्री पोहे खाऊन संग्रहालयात जा, दुपारी मनसर-रामटेक करा. वस्तू आणि तिचं घर एकाच दिवशी बघितलेल्या मुलाला पुढे कुठल्याही संग्रहालयात काय शोधायचं ते सांगावं लागत नाही.

अजब बंगल्यात काय बघाल? रामटेकजवळच्या हमलापुरीला वाकाटक काळातल्या बुद्धाच्या धातुमूर्ती सापडल्या, त्या विचारून बघा. अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरकडे राजनापूर खिनखिनी नावाचं गाव आहे. तिथे सापडलेल्या जैन धातुमूर्तीही इथल्या संग्रहात आहेत. डोक्यावर नागफणा असेल तर पार्श्वनाथ, खांद्यावर केसांच्या बटा रुळत असतील तर ऋषभनाथ, एवढं सांगितलं की मुलं पुढच्या मूर्ती स्वतः ओळखायला लागतात. मग त्या मूर्तींचे चेहरे जवळून बघायला सांगा. पूजेतल्या धातुमूर्तीला रोज हात लागतो, रोज ती पुसली जाते, चंदन लावलं जातं. त्यामुळे नाक, गाल, गुडघे गुळगुळीत होतात, आणि जिथे बोट पोचत नाही तिथली रेघ मात्र अजून कोरलेल्या दिवसासारखी ताजी असते. अशी झीज दिसली की ती मूर्ती किती काळ पूजेत होती याचा अंदाज मुलीला स्वतःच बांधता येईल. तिला तो बांधू द्या, लगेच चिठ्ठी वाचून दाखवू नका.

माझी सगळ्यात आवडती वस्तू मात्र दिसायला अगदी साधी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकची ती शिळा. एकाच दगडावर दोन लेख. एक मौर्यकाळच्या ब्राह्मी लिपीतला, प्राण्यांना धरू नये, मारू नये अशी आज्ञा देणारा. दुसरा वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याच्या काळातला, त्याच्या धर्मस्थानाबद्दलचा. दोन्हींमध्ये साधारण सहाशे वर्षांचं अंतर. मुलांना मी अक्षरं वाचायला लावत नाही, फक्त दोन्ही लेखांतली एकेक ओळ पेन्सिलीने उतरवायला सांगतो. जुन्या लेखाची अक्षरं सरळ काड्यांची, नंतरच्या लेखाची डोक्याशी जड आणि वळणदार. एकदा एक पोट्टा मध्येच वर बघून म्हणाला, ‘सर, हे आपल्या क च्या जवळ येऊन राहिलं ना?’ लिपी बदलते म्हणजे काय होतं, हे त्याला त्या दुपारी हाताने समजलं.

गुंगेरियाचा साठाही विचारा. बालाघाट जिल्ह्यातल्या या गावात १८७० साली तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे एकत्र पुरलेले मिळाले. त्यातले काही पत्रे चक्क बैलाच्या डोक्याच्या आकाराचे आहेत. हा साठा नंतर वाटला गेला. काही वस्तू नागपूरला राहिल्या, काही लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. इतकं तांबं जमिनीत कोण आणि का पुरेल, यावर तुमच्या घरात जेवताना चांगला तासभर वाद होईल. मांडणी अधूनमधून बदलते आणि एखादं दालन कामासाठी बंदही असतं, म्हणून आत शिरतानाच तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारून घ्या. सोमवारी जाऊ नका, सोमवार सुट्टीचा. आणि हो, मुलाला आधी वाघाकडे जाऊ द्या. ते झालं की तो शांतपणे बाकीचं बघतो. आधी मूर्ती आणि मग वाघ असा क्रम लावला, तर तो मूर्तींपुढे उभाच राहणार नाही.

आता मुंबई. विदर्भ किंवा दुरांतोने सकाळी सीएसएमटीला उतरलात की संग्रहालय फार दूर नाही, काळा घोड्याच्या बाजूलाच. सासूबाईंसाठी टॅक्सी करा आणि सामान आधी हॉटेलवर किंवा स्टेशनच्या क्लोकरूममध्ये टाका. मोठ्या बॅगा घेऊन दालनांत जाता येत नाही. वेळ आणि तिकिटाचे दर संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बघून घ्या. दोन्ही मुलांची शाळेची ओळखपत्रं जवळ असू द्या.

आत शिरण्याआधी बागेत दहा मिनिटं थांबा आणि इमारतच बघा. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेली ही वास्तू कुर्ल्याचा करडा बसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड वापरून बांधली आहे. वरचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला. १९०५ साली पायाभरणी झाली, १९१४ मध्ये इमारत उभी राहिली, पण पहिल्या महायुद्धात इथे लष्करी रुग्णालय होतं. लोकांसाठी दारं उघडली ती १९२२ च्या जानेवारीत. जिथे आज मूर्ती आहेत तिथे जखमी शिपायांच्या खाटा होत्या, हे मुलीला सांगा, तिच्या वयाला ते नीट समजेल. घुमटाखालच्या दालनात मान वर करून लाकडी कमानी बघा. ते काम नाशिकच्या एका वाड्यातून आणलेलं आहे. म्हणजे पहिल्याच दालनात आपला प्रश्न विचारायला वस्तू मिळाली.

तळमजल्यावरच्या शिल्पांमध्ये ऐहोळेहून आलेल्या मोठ्या शिळा शोधा. ब्रह्मा, शिव आणि विष्णू. कर्नाटकातल्या हुच्चप्पय्या गुडी या देवळाच्या छतात त्या बसवलेल्या होत्या. बघणाऱ्याने सभामंडपात उभं राहून वर मान करून बघाव्यात अशा बेताने शिल्पकाराने आकृत्या रचल्या आहेत. आज त्या आपल्यासमोर उभ्या आहेत. तेव्हा थोडं खाली बसा, बाक असेल तर बाकावर, आणि खालून वर बघा. मुलगा तर जमिनीवरच बसेल, बसू द्या. उडणाऱ्या आकृती खालून बघितल्या की खरोखर डोक्यावरून जातात. याच दालनात मीरपूर खास इथल्या स्तूपाची भाजलेल्या मातीची शिल्पं आहेत. मीरपूर खास आता पाकिस्तानातल्या सिंधमध्ये. पाचव्या-सहाव्या शतकातली ही माती, आणि बोटांची नखंसुद्धा दिसतात. ‘पाचवं शतक’ म्हणजे इसवी सन ४०१ ते ५००, हे मुलाला एकदा समजावून सांगा. तिसरीतली मुलं पाचवं शतक म्हणजे पाचशेच्या पुढचं धरतात आणि मग सगळ्या चिठ्ठ्या चुकीच्या वाचतात.

विष्णूची मूर्ती दिसली की काम सासूबाईंकडे सोपवा. मी हे बऱ्याच आजी-आजोबांबरोबर करून बघितलंय आणि फार छान जमतं. संध्येत ‘केशवाय नमः, नारायणाय नमः’ अशी चोवीस नावं येतात ना, त्या चोवीसही रूपांत शंख, चक्र, गदा आणि पद्म हीच चार आयुधं असतात, फक्त हातांचा क्रम बदलतो. खालच्या उजव्या हातापासून सुरू करायचं, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला की तो केशव. मूर्तीचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो, एवढं लक्षात ठेवायचं. पाठ असलेली नावं समोर दगडात उभी दिसली की घरातल्या वडीलधाऱ्यांना संग्रहालय परकं वाटत नाही, आणि नातवंडं त्यांच्याकडून शिकतात.

वरच्या मजल्यावरची लघुचित्रं ही माझी स्वतःची ओढ, म्हणून इथे थोडं जास्त लिहितो. या दालनात उजेड कमी असतो. नवे लोक तक्रार करतात, पण तो मुद्दामच कमी ठेवलेला असतो. जलरंग आणि कापड यांच्यासाठी साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) प्रकाश ठेवण्याची जगभर पद्धत आहे. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही आणि नुकसान साठत जातं. तेव्हा आत गेल्यावर दोन मिनिटं नुसतं उभं राहा, डोळे सरावतील. फ्लॅश अजिबात नको. मग चित्राजवळ जा, काचेपासून हातभर अंतरावर. ही चित्रं भिंतीवर टांगण्यासाठी नव्हतीच. पोथीतलं पान किंवा मुरक्क्यातलं, म्हणजे चित्रांच्या अल्बममधलं पान म्हणून हातात धरून, एका वेळी एक-दोघांनी बघायची. कागदाचे थर एकावर एक चिकटवून जाड वसली करत, रंग चढल्यावर चित्र पालथं घालून मागून अकीकाच्या गोट्याने घोटत. म्हणून रंगाला ती गुळगुळीत तकाकी येते. समोरून नाही तर जरा तिरकं उभं राहून बघा, म्हणजे सोनं चमकेल. तळं किंवा नदी काळपट, मळकट राखाडी दिसली तर चित्रकाराला दोष देऊ नका. तिथे चांदी लावलेली असते आणि ती काळी पडते. पाचशे लोकांच्या घाईत ते तळं काळंच दिसतं. एकदा माहीत झालं की डोळ्यांना तिथे चांदण्यातलं पाणी दिसायला लागतं. जम्मूकडच्या बशोली शैलीचं चित्र आलं तर दागिन्यांतला हिरवा चमकदार ठिपका शोधा. तो रंग नाही, भुंगेऱ्याच्या पंखाच्या कवचाचा तुकडा आहे. तुमचा मुलगा तो ठिपका सगळ्यांच्या आधी शोधेल.

अकबराच्या चित्रशाळेत रंगवलेली ‘अन्वार-इ-सुहैली’ची पोथी या संग्रहात आहे. पंचतंत्राच्या गोष्टी फिरत फिरत फारसीत गेल्या, त्यांचं हे रूप. पानं मांडलेली असतील तर मुलांना गोष्ट ओळखायला सांगा, चिठ्ठी झाकून. शस्त्रांच्या दालनात १५९३ सालची अकबराची ढाल आहे. तिच्यावर बारा राशी आहेत, घरातल्या प्रत्येकाने आपापली शोधावी. टाटा बंधूंनी दिलेली युरोपीय चित्रं, चिनी आणि जपानी वस्तू सुंदर आहेत, पण तुमच्याजवळ एकच दिवस आहे. पाय दुखत असतील तर त्या सोडा, काही बिघडत नाही.

प्रत्येक निवडलेल्या वस्तूपुढे काय करायचं ते सांगतो. आधी चिठ्ठी वाचायची नाही. दोन-तीन मिनिटं बघायचं, मग प्रत्येकाने दिसलेली एकेक गोष्ट बोलायची. आवडली का, सुंदर आहे का, हे आत्ता नको, फक्त काय दिसलं ते. मग चिठ्ठी वाचायची आणि पुन्हा एकदा बघायचं. हे दुसऱ्यांदा बघणं चुकवू नका, बहुतेक सगळं तिथेच मिळतं. फोटो काढायचा तर सगळ्यात शेवटी, आणि वस्तूबरोबर चिठ्ठीचाही. आधी फोटो घेतला की मन म्हणतं, झालं, आता घरी बघू. घरी कुणी बघत नाही.

दोन्ही मुलांना छोटी वही आणि पेन्सिल द्या. पेन नको, शाई उडाली तर वस्तूचं नुकसान होतं. पूर्ण मूर्ती काढायला सांगू नका. एक हात, एक मुकुट, एका साडीची किनार, एवढंच. चित्र चांगलं येण्याला काही महत्त्व नाही. किनार काढताना मुलगी त्या दगडावर पाच मिनिटं नजर रोखून असते, तेवढ्यासाठीच वही.

गाइडबद्दल. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या फेरीत गाइड घेतला नसता. चांगला गाइडही दीड तासात चाळीस वस्तू दाखवतो, कारण लोकांची तीच अपेक्षा असते. त्यापेक्षा ऑडिओ गाइड घ्या, मराठीतला आहे का ते तिकिटाच्या वेळीच विचारा, आणि फक्त आपल्या निवडलेल्या वस्तूंपुढे ऐका. सासूबाईंसाठी व्हीलचेअर आणि लिफ्टची चौकशीही दारातच करून ठेवा. त्यांना हवी तेव्हा बसू दे, सगळ्यांनी सतत एकत्र फिरलंच पाहिजे असं नाही. एका वेळी दोघंदोघं फिरलं तर प्रत्येकाला आपल्या गतीने बघता येतं.

तुमच्या मुलीने चित्रकलेत पुढे काही करायचं म्हटलंय असं तुम्ही लिहिलंत. मग चारच्या सुमारास आत पुरे करा आणि शेजारच्या जहांगीर आर्ट गॅलरीत जा. १९५२ पासूनची ही गॅलरी, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. तिथे आज काम करणाऱ्या चित्रकारांची प्रदर्शनं असतात आणि बरेचदा चित्रकार स्वतः तिथे बसलेला असतो. तिला एकटीला पुढे जाऊन विचारू द्या: कागद कोणता, रंग कोणता, हे चित्र पूर्ण व्हायला किती दिवस लागले. चित्रकार अशा प्रश्नांची उत्तरं आनंदाने देतात.